मत आहे, मतदान नाही : समलिंगी विवाह आणि बंदुका यांविषयी अमेरिकेतून

ओंजळ (धागाकर्ती)

मराठीत 'मत' या एकाच शब्दाला दोन अर्थ आहेत आणि माझ्या वाट्याला त्यांपैकी एकच आला आहे. मी २१ वर्षांची आहे. जन्म पिंपरी-चिंचवडचा, पण वडिलांच्या मोटार उद्योगातील नोकरीमुळे सातव्या वर्षी मिशिगन राज्यात, डेट्रॉइटच्या उपनगरात राहायला आले. ग्रीन कार्डाच्या रांगेत आमचा क्रमांक लागण्याआधीच मला २१ वर्षे पूर्ण झाली. त्यामुळे आईवडिलांच्या व्हिसावरून माझे नाव गळले आणि ज्या गावात मी दुसरीपासून शिकले, त्याच गावात आता विद्यार्थी व्हिसावर, कायद्याच्या लेखी पाहुणी म्हणून राहते. मला इथे मतदान करता येत नाही. बंदूक मात्र घेता येईल. तात्पुरत्या व्हिसावरील परदेशी माणसाला बंदूक बाळगण्यास केंद्रीय कायद्याने बंदी आहे खरी, परंतु त्याच्याकडे शिकारीचा वैध परवाना असल्यास त्या बंदीला अपवाद आहे. मिशिगनमध्ये हरणाची शिकार ही तर इतकी घरगुती गोष्ट आहे, की १५ नोव्हेंबरला, बंदुकीने शिकार करण्याच्या हंगामाच्या पहिल्या दिवशी, कित्येक गावांत शाळांना सुट्टी असते.

(माझे मराठी पुस्तकी वाटले तर सांभाळून घ्यावे. ते आजोबांच्या पत्रांतून शिकलेले आहे, आणि आजोबांनी पत्रात कधी अर्धे वाक्य लिहिले नाही.)

समलिंगी विवाह आणि बंदूक नियंत्रण हे दोन विषय मी एकाच धाग्यात का घेतले, ते आधी सांगते. अमेरिकेत एखाद्याचे एका प्रश्नावरील मत कळले की दुसऱ्यावरील मत लोक न विचारताच ठरवतात. साडीबरोबर ब्लाउजपीस यावा तसे ते आपोआप आले, असे समजले जाते. माझी दोन्ही मते माझ्या वयाच्या मुलीची अपेक्षित मते आहेत. समलिंगी विवाहाला माझा पूर्ण पाठिंबा आहे आणि बंदुकांवर आजच्यापेक्षा कडक नियम हवेत, असे मला वाटते. पण ती एकत्र मिळाली म्हणून घेतली, की खरोखर विचार करून घेतली, हा प्रश्न मला गेले वर्षभर छळतो आहे.

माझ्या आठवणीत हे दोन विषय एकाच दिवशी येतात. २६ जून २०१५ रोजी सकाळी सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ अशा मतांनी समलिंगी जोडप्यांना देशभर विवाहाचा हक्क दिला, आणि रात्री व्हाइट हाउसवर इंद्रधनुष्याच्या रंगांचे दिवे लागले. या दोन्हींच्या मधल्या दुपारी राष्ट्राध्यक्ष ओबामा साउथ कॅरोलायनातील चार्ल्सटन येथे क्लेमेंटा पिंकनी या धर्मोपदेशकाच्या अंत्यविधीला गेले होते. नऊ दिवसांपूर्वी तिथल्या चर्चमध्ये प्रार्थनेला बसलेल्या नऊ कृष्णवर्णीय माणसांना एका गोऱ्या तरुणाने गोळ्या घातल्या होत्या. त्या तरुणाला बंदूक मिळायलाच नको होती. परंतु खरेदीदाराची पार्श्वभूमी तपासण्याचे काम तीन कामकाजाच्या दिवसांत पुरे झाले नाही, तर दुकानदाराला विक्री करण्याची मुभा कायदाच देतो, आणि या प्रकरणात तेच घडले. मी तेव्हा अकरा वर्षांची होते आणि दूरदर्शनसंचावर एका तासाला लोक आनंदाने रडत होते, तर पुढच्या तासाला दुःखाने.

विवाहाच्या निकालात मिशिगनचाही वाटा होता, हे फार थोड्यांना ठाऊक असते. एप्रिल डीबोअर आणि जेन रोझ या डेट्रॉइटजवळच्या हेझल पार्क गावातील दोन परिचारिका. त्यांनी विशेष काळजीची गरज असलेली मुले दत्तक घेतली होती, पण राज्याच्या कायद्यानुसार अविवाहित जोडप्याला एकत्र दत्तक घेता येत नसल्यामुळे प्रत्येक मूल कागदोपत्री दोघींपैकी एकीचेच होते. उद्या एकीचे बरेवाईट झाले असते, तर तिच्या नावावरील मुलांवर दुसरीचा कायदेशीर हक्क काहीच उरला नसता. त्या न्यायालयात गेल्या त्या दत्तकविधानासाठी. विवाहबंदीलाच आव्हान द्यावे, असे त्यांना न्यायाधीश बर्नार्ड फ्रिडमन यांनी सुचवले. मार्च २०१४ मध्ये फ्रिडमन यांनी बंदी रद्द केली, आणि वरच्या न्यायालयाची स्थगिती येण्यापूर्वी मिळालेल्या एका शनिवारी सुमारे ३०० जोडप्यांनी लग्ने उरकून घेतली. वरिष्ठ न्यायालयात त्या हरल्या आणि पुढे ओहायोच्या जिम ओबर्गफेल यांच्या खटल्याला त्यांचा खटला जोडला गेला. ओबर्गफेल यांची मागणी तर त्याहूनही साधी होती. त्यांचे जोडीदार जॉन आर्थर यांना असाध्य आजार होता. दोघांनी रुग्णवाहू विमानाने मेरीलँडला जाऊन विमानतळावरच, विमानात बसून लग्न केले, आणि आर्थर यांच्या मृत्यूच्या दाखल्यावर पती म्हणून आपले नाव असावे, एवढेच ओबर्गफेल मागत होते. या निकालाला 'संस्कृतीवरील आक्रमण' म्हणणाऱ्यांनी एकदा त्यातील मागण्यांची यादी वाचावी. मुलांच्या कागदावर नाव, मृत्यूच्या कागदावर नाव.

आता बंदुकांकडे वळते. डिसेंबर २०१२ मध्ये कनेटिकटमधील सँडी हुक शाळेत २० मुले आणि ६ मोठी माणसे मारली गेली, तेव्हा मी तिसरीत होते आणि ती मुले माझ्याहून एकदोन वर्षांनी लहान होती. त्यानंतर आमच्या शाळेत 'लॉकडाउन ड्रिल' वाढले. दिवे बंद करायचे, दाराला आतून कडी घालायची, खिडकीतून दिसणार नाही अशा कोपऱ्यात भिंतीला टेकून बसायचे आणि श्वाससुद्धा हळू घ्यायचा. भारतातील माझ्या चुलतभावाला हे सांगितले, तेव्हा त्याला तो लपाछपीचा खेळ वाटला. फेब्रुवारी २०२३ मध्ये मिशिगन स्टेट विद्यापीठात तीन विद्यार्थी मारले गेले त्या रात्री आमच्या मराठी मंडळातील निम्म्या घरांत कोणी झोपले नाही, कारण प्रत्येकाचे कोणी ना कोणी तिथे शिकत होते.

माझी अडचण न्यायमूर्ती अँथनी केनेडी यांच्या नावापाशी सुरू होते. विवाहाचा निकाल त्यांनी लिहिला. २००८ मध्ये, घरात स्वसंरक्षणासाठी बंदूक बाळगणे हा व्यक्तीचा हक्क आहे, असे हेलर खटल्यात त्याच न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी ठरवले, तेव्हा त्या पाचांतही केनेडी होते. दोन्ही वेळी जुन्या घटनेतील मोघम शब्दांतून पाच न्यायमूर्तींनी एक ठोस हक्क वाचून काढला. मला एक वाचन आवडते आणि दुसरे खटकते. यात तत्त्व कोणते?

मला सापडलेले उत्तर असे आहे. दोन स्त्रियांनी लग्न केल्याने तिसऱ्या माणसाच्या अंगावर काहीच येत नाही. बंदुकीचा हक्क वापरला जातो तेव्हा धोका त्या तिसऱ्या माणसाला असतो, म्हणून त्या हक्काला नियमांचे कुंपण हवे. हक्कच नको, असे मी म्हणत नाही. हेलरचे निकालपत्र लिहिणाऱ्या खुद्द न्यायमूर्ती स्कालिया यांनीही त्यात हा हक्क अमर्याद नसल्याचे लिहून ठेवले आहे. तुम्हाला हे उत्तर पुरेसे वाटते का?


नाशिकचा निवृत्त

मुली, लेख आवडला. आजोबांना माझा नमस्कार कळव. समलिंगी विवाहाच्या फलिताला माझा विरोध नाही, वाटेला आहे. मुख्य न्यायमूर्ती रॉबर्ट्स यांनी त्या दिवशीच्या विरोधी निकालपत्रात म्हटले होते, की लोकांनी आनंद जरूर साजरा करावा, परंतु घटनेचा त्या आनंदाशी काही संबंध नाही. पाच माणसांनी दिलेली गोष्ट पुढे दुसरी पाच माणसे काढून घेऊ शकतात. आपल्याकडे १७ ऑक्टोबर २०२३ रोजी घटनापीठाने, विवाह हा मूलभूत हक्क नाही यावर पाचही न्यायमूर्तींचे एकमत नोंदवले आणि विषय संसदेकडे सोपवला. निकाल कोरडा होता, तरी समाज आपल्या पायांनी चालत तिथे पोहोचला, तर परत फिरत नाही, असे मला वाटते.


ओंजळ

काका, आपली शंका रास्त आहे, आणि २०२२ मध्ये गर्भपाताचा हक्क गेला, तेव्हा न्यायमूर्ती थॉमस यांनी विवाहाच्या निकालाचाही फेरविचार व्हावा असे लिहून ती खरी करून दाखवली. त्या धास्तीपोटीच डिसेंबर २०२२ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, कायदा केला. पण त्यातही एका राज्यात झालेले लग्न दुसऱ्या राज्याने मानावे एवढीच सक्ती आहे, लग्न लावून देण्याची नाही. मिशिगनच्या मतदारांनी २००४ मध्ये विवाहबंदी थेट राज्यघटनेत लिहिली आणि ते कलम आजही तिथेच आहे, फक्त वरच्या निकालामुळे निजलेले. उद्या तो निकाल उलटला, तर ते जागे होईल. म्हणजे आपण म्हणता ती भीती माझ्या राज्यात छापील स्वरूपात उपलब्ध आहे.

तरीही त्या परिचारिकांना समाज पोहोचेपर्यंत थांबा, असे मला सांगवत नाही. १९६७ मध्ये न्यायालयाने गोऱ्या आणि काळ्यांच्या लग्नांवरील बंदी उठवली. पुढच्या वर्षी गॅलप या संस्थेने केलेल्या जनमत पाहणीत अशी लग्ने मान्य असणारे लोक अवघे २० टक्के होते. तिथे निकाल पुढे गेला आणि समाज मागून आला. समलिंगी विवाहाला १९९६ मध्ये २७ टक्के पाठिंबा होता, तो निकालाच्या आधीच निम्म्याच्या वर गेला होता.


दक्षिणवारा

मी टेक्ससमध्ये २२ वर्षे राहतो, नागरिक आहे आणि माझ्याकडे पिस्तूल आहे. इथल्या मराठी लोकांत हे सांगितले की ताटातील श्रीखंड आंबट झाल्यासारखे चेहरे होतात. आमचे घर शहराबाहेर आहे. एकदा रात्री मागच्या दाराची काच फुटली, तेव्हा पोलीस यायला वीस मिनिटे लागली. ती वीस मिनिटे मी आणि माझी पत्नी न्हाणीघरात बसून काढली आणि पुढच्या महिन्यात मी प्रशिक्षणाला नाव घातले. तुमच्या 'तिसऱ्या माणसा'च्या हिशेबात त्या न्हाणीघरातील दोन माणसे कुठे बसतात, ते सांगावे. कोट्यवधी लोक बंदुका बाळगतात आणि आयुष्यभर कोणाच्या केसाला धक्का लावत नाहीत.

मात्र एक कबुली देतो. सप्टेंबर २०२१ पासून टेक्ससमध्ये बहुतेक प्रौढांना परवान्याशिवाय पिस्तूल जवळ बाळगून फिरता येते. मी त्या बदलाच्या विरोधात होतो, कारण बंदूक कधी काढू नये हे मला परवान्याच्या वर्गातच कळले.


ओंजळ

न्हाणीघरातील दोन माणसांना माझ्याकडे चांगले उत्तर नाही, हे प्रांजळपणे सांगते. आमच्या उपनगरात पोलीस चार मिनिटांत येतात आणि माझी मते त्या चार मिनिटांच्या आत वाढलेली आहेत.

पण घरातील बंदुकीचा धोका बाहेरून येणाऱ्या चोरापुरता नसतो. २०२१ मध्ये अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० माणसे मेली आणि त्यांतील २६,३२८ आत्महत्या होत्या. निम्म्याहून अधिक. वर्तमानपत्रांत शाळांतील गोळीबार येतो; हे मृत्यू येत नाहीत. क्षणिक निराशेत औषधाच्या गोळ्या खाणारा माणूस पुष्कळदा वाचतो आणि पुढे जगतो, बंदूक उचलणारा क्वचितच वाचतो. त्यामुळे मूळ लेखातील माझे उत्तर मला आता अपुरे वाटते. धोका फक्त तिसऱ्याला नसतो. पहिल्यालाही असतो, आणि त्याच्या सतरा वर्षांच्या मुलाला तर असतोच. नियम मागताना माझ्या डोळ्यांसमोर जप्ती नसून कपाटाचे कुलूप असते.


काजूबाग

सिंधुदुर्गातून लिहितो. आमच्या वाडीत शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीच्या बंदुका आहेत. माझ्या वडिलांची आता माझ्या नावावर आहे. परवाना मिळवताना पोलिसांचा अहवाल, जमिनीचा सातबारा आणि जिल्हाधिकारी कार्यालयाच्या खेपा हे सारे झाले, पुढे मुदत संपली की नूतनीकरण. निवडणूक जाहीर झाली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची. रानडुकरांना आचारसंहिता लागू नसल्यामुळे तेवढे दिवस ती निर्धास्तपणे भातात आणि कणगीच्या वाफ्यांत फिरतात. आम्ही कुरकुर करतो, अर्ज करतो, पण बंदूक हा माझा जन्मसिद्ध हक्क आहे असे आमच्याकडे कोणी म्हणताना ऐकले नाही. ती कोयत्यासारखे हत्यार आहे, आणि सरकारने नजर ठेवावी एवढे धोक्याचे आहे, हे आम्हाला पटते. टेक्ससवाल्या दादांना राग येऊ नये, पण परवान्याचा वर्ग सक्तीचा असावा, हे तुम्हीच वर लिहिले आहे.


तिखटमीठ

भारतातले प्रश्न संपले म्हणून आता आपण अमेरिकेतील लग्नांची आणि बंदुकांची काळजी वाहायची का?


ओंजळ

माझ्यापुरते हे माझ्या गावातील प्रश्न आहेत. मी ज्या गावात राहते, त्याच गावाबद्दल लिहिते आहे.


दोन घरे

या संकेतस्थळावर दहा वर्षे वाचनमात्र होतो, आज प्रथमच लिहीत आहे. मी मूळचा पुण्याचा, मिशिगनमध्ये राहतो, आणि २०१६ मध्ये काउंटीच्या कार्यालयात माझे लग्न झाले. माझा नवरा अमेरिकी आहे. एडिथ विंडसर या वृद्ध स्त्रीला पत्नीच्या निधनानंतर ३,६३,०५३ डॉलर वारसाकर भरावा लागला, कारण केंद्र सरकार त्यांचे लग्न मानत नव्हते. त्यांनी तो खटला २०१३ मध्ये जिंकला आणि त्या निकालामुळेच व्हिसा आणि ग्रीन कार्ड यांच्या कामी आमच्यासारखी लग्ने मोजली जाऊ लागली. एका आजीबाईंच्या करपावतीवर माझा संसार उभा आहे, असे मी घरी गमतीने म्हणतो.

विमान मुंबईला उतरले की माझा नवरा माझा 'मित्र' होतो. पुण्याच्या घरी त्याला सारे जीव लावतात. आई त्याच्यासाठी कमी तिखटाची आमटी वेगळी काढते. पण भारतात मला अपघात झाला, तर संमतीपत्रावर सही कोण करणार, हा प्रश्न आमटीने सुटत नाही. २०१८ मध्ये कलम ३७७ च्या निकालाने आमच्यावरील गुन्ह्याचा शिक्का पुसला गेला. त्यापुढचे दार २०२३ च्या निकालाने उघडले नाही, आणि त्यावरील फेरविचार याचिकाही जानेवारी २०२५ मध्ये फेटाळल्या गेल्या. नाशिकच्या काकांना नम्रपणे विचारतो, समाज चालत येईपर्यंत माणसाचे वय थांबते का?

धागाकर्तीने साडी आणि ब्लाउजपीसचे उदाहरण दिले आहे, तर आमच्या घराची गोष्टही सांगतो. माझा नवरा मिशिगनच्या उत्तरेकडील द्वीपकल्पातील आहे आणि दर नोव्हेंबरला भावांबरोबर हरणाच्या शिकारीला जातो. त्याच्या रायफली घरात पोलादी कपाटात असतात आणि गोळ्या दुसऱ्या मजल्यावर. २०१६ च्या जूनमध्ये ऑर्लँडोच्या पल्स या समलिंगी क्लबमध्ये ४९ माणसे मारली गेली, तेव्हा आमच्या लग्नाला दोन महिने झाले होते. त्या आठवड्यात आम्ही पहिल्यांदा कडाक्याचे भांडलो. मला त्या रायफली घराबाहेर हव्या होत्या. तो म्हणाला, की आपला द्वेष करणाऱ्यांकडे बंदुका असताना आपण का टाकायच्या? आम्हा दोघांचे अजूनही एकमत नाही. कपाटाची किल्ली कुठे असावी, एवढ्यावर मात्र एकमत झाले, आणि नऊ वर्षे तेवढ्यावर चालले आहे.


ओंजळ

दादा, लिहिलेत म्हणून आभार मानते. मी हा धागा काढताना माझ्या मनात दोन रकाने होते आणि तुमचे घर त्यांपैकी एकातही बसत नाही.


नाशिकचा निवृत्त

'दोन घरे' यांच्या प्रश्नावर मी दोन दिवस विचार केला. वय थांबत नाही. न्यायालयाने संसदेवर सोडले आणि संसदेने विषय उघडलाच नाही, तर तेही एक प्रकारे नाकारणेच झाले, हे मला मान्य करावे लागते. न्यायालयांविषयीची माझी शंका मात्र कायम आहे.


दक्षिणवारा

कपाटाच्या किल्लीबद्दल 'दोन घरे' यांच्याशी सहमत. फक्त एक विचारतो, मिशिगनमध्ये कुलपाचा कायदा झाला आहे ना? तो प्रत्यक्षात पाळला जातो का?


ओंजळ

हो. नोव्हेंबर २०२१ मध्ये ऑक्सफर्ड येथील शाळेत एका १५ वर्षांच्या मुलाने चार विद्यार्थ्यांना मारले. पिस्तूल वडिलांनी चारच दिवसांपूर्वी विकत घेतले होते. २०२४ मध्ये त्या मुलाच्या आईला आणि वडिलांना, दोघांनाही सदोष मनुष्यवधाबद्दल प्रत्येकी १० ते १५ वर्षांची शिक्षा झाली. मुलाने शाळेत केलेल्या हत्याकांडाबद्दल आईवडिलांना अशी शिक्षा होण्याची अमेरिकेतील ती पहिलीच वेळ. २०२३ मध्ये राज्याने तीन गोष्टी केल्या: अल्पवयीन मुले असतील तिथे बंदूक कुलपात ठेवण्याची सक्ती, सर्व प्रकारच्या बंदुकांच्या खरेदीआधी पार्श्वभूमीची तपासणी, आणि धोकादायक ठरलेल्या व्यक्तीची बंदूक न्यायालयाच्या आदेशाने तात्पुरती काढून घेण्याची तरतूद. हे कायदे १३ फेब्रुवारी २०२४ रोजी, विद्यापीठातील गोळीबाराला वर्ष झाले त्या दिवशी लागू झाले. कुलूप लावले की नाही, हे बघायला कोणी घरोघर फिरत नाही. दुर्घटना झाल्यावरच कळते, ही त्या कायद्याची लंगडी बाजू आहे.


पहिलीतल्याची आई

ऑक्सफर्ड आमच्याच काउंटीत आहे. माझा मुलगा सात वर्षांचा आहे आणि आता त्याला वर्गमित्रांच्या घरी खेळायला बोलावणी येऊ लागली आहेत. 'तुमच्या घरात बंदूक आहे का?' हे मी समोरच्या आईला विचारायचे कसे? मला ते भलतेच उद्धट वाटते. आपल्याकडे कोणाच्या घरी गेल्यावर कपाट उघडून बघण्यासारखे.


ओंजळ

माझी आई विचारत असे, आणि तेही अशा ओघात की कोणाला लागत नसे. फोनवर ती आधी आमच्याकडची माहिती द्यायची: मुलीला शेंगदाणे चालतात, मांसाहार चालत नाही, पोहता येत नाही. मग विचारायची, घरात कुत्रा आहे का, अंगणात तरणतलाव आहे का, बंदूक आहे का आणि असल्यास कुलपात आहे का. पहिल्यांदा विचारताना तिचा हात थरथरत होता, हे मी पाहिले आहे. पलीकडच्या बाईंनी अगदी सहज सांगितले, की चार आहेत, तळघरातील तिजोरीत आहेत, किल्ली नवऱ्याच्या खिशात असते. आणि मग त्यांनीच उलट विचारले, तुमच्या घरात धोक्याचे काही आहे का? आईच्या डोळ्यांसमोर ओट्याखालची विळी आली. तिला इंग्रजीत काय म्हणतात ते न सुचल्यामुळे ती नुसतेच 'नाही' म्हणाली.